डेलियाचं घर, फेलिमचा गोठा

डेलिया पॅडन नवरी होऊन समुद्रकाठच्या ड्रुमगार गावी आली तेव्हा तिच्या घराच्या भिंती अजून ओल्या होत्या.

ते घर गावानंच उभं केलं होतं. कुणी डोंगरउतारावरचे दगड वाहून आणले, कुणी दलदलीत गाडले गेलेले जुने ओंडके दोर लावून उपसले आणि त्यांचे वासे तासले. ऑस्टिनच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, भावकीनं ओटच्या पेंढ्यानं छप्पर शाकारलं. समुद्रावरचा वारा ते उचलून नेईल म्हणून वरून आडवेउभे दोर टाकले आणि दोरांच्या टोकांना धोंडे बांधले. राहिली होती फक्त जमीन. ती चोपायला कुणाला लावलं नाही. लग्नाच्या संध्याकाळी फिडलवाल्याला बोलावलं आणि अख्खं गाव त्या ओल्या मातीवर नाचलं. डेलियाचे नवे बूट चिखलानं माखले, आणि सकाळी पाहते तर जमीन दगडासारखी घट्ट.

सासू आपल्या चुलीतले निखारे लोखंडी भांड्यात घालून माळावरून चालत आली होती. ते तिनं नव्या चुलीत ओतले, वर दलदलीतून कापून वाळवलेल्या पीटच्या दोन विटा उभ्या केल्या आणि म्हणाली, "हा विस्तव माझ्या सासूच्याही सासूचा आहे, पोरी. तुझ्या हातून विझला तर विझला, पण मला कळवू नकोस. मी तिथल्या तिथं मरेन."

"आणि तुमच्याकडचा विझला तर?" डेलियानं विचारलं.

"तर तुझ्याकडून घेऊन जाईन आणि कुणाला सांगणार नाही."

रोज रात्री झोपण्याआधी डेलिया संत ब्रिजिटचं नाव घेऊन निखारे राखेखाली पुरायची आणि पहाटे राख सारून फुंकर घालायची. तिची दोन्ही मुलं त्या चुलीशेजारी, भिंतीतल्या कोनाड्यात बसवलेल्या पलंगावर जन्मली. थोरला मायल्स, धाकटा फेलिम. चुलीवर टांगलेल्या बिडाच्या भांड्यात ब्रेड भाजायचा, झाकणावर निखारे रचायचे, आणि मुलांनी पोटाला धग लागेल इतकं जवळ सरकून बसायचं. दाराचं खालचं अर्धं कवाड कोंबड्यांसाठी बंद असायचं, वरचं अर्धं माणसांसाठी उघडं. येणारा जाणारा त्या कवाडावर कोपरं टेकायचा आणि म्हणायचा, "या घरातल्यांचं देव भलं करो." मग आत यायचा, किंवा तिथंच तासभर उभा राहून गप्पा मारायचा.

पाळीपाळीनं गावातल्या एकेका घरात पाद्री येऊन मिस्सा, म्हणजे प्रार्थना, व्हायची. पाळी आली की घर चुन्यानं धुऊन काढायचं. ते काम मायल्सचं. त्याला ते इतकं आवडायचं की बादली कुणाला हात लावू द्यायचा नाही. भिंती पांढऱ्या, चुलीची कड पांढरी, स्वतःचे केस पांढरे.

"भिंतीला लाव रे, कोंबड्यांना नको," डेलिया ओरडायची.

"कोंबड्याही मिस्सेला येणारच की, आई!"

फेलिम वेगळा. त्याचं लक्ष गुरांत. घराकडे त्यानं कधी वर मान करून पाहिलं असेल तर छप्पर गळायला लागल्यावर.

ऑस्टिन एका उन्हाळ्यात पीट कापता कापता कुदळीवर हात ठेवून खाली बसला तो बसलाच. त्याला घरी आणून त्याच कोनाड्यातल्या पलंगावर ठेवलं आणि गाव भोवती जमलं. तो गेल्यावर त्या खडकाळ तुकड्यात तिघांचं पोट भरेना. दोघांपैकी एकाला जायला हवं होतं. मायल्स थोरला, घर खरं तर त्याचं. पण गुरं फेलिमच्या हाताला होती, म्हणून मायल्स म्हणाला, "मीच जातो."

निघायच्या सकाळी डेलियानं त्याच्या डोक्यावर पवित्र पाणी शिंपडलं. तो उंबऱ्यात थबकला आणि घराच्या पश्चिमेच्या खोलीकडे बोट दाखवून म्हणाला, "ती खोली माझ्यासाठी ठेव हं. म्हातारा होऊन येईन आणि तुझ्या हातचा ब्रेड खात पडून राहीन."

"तू म्हातारा होऊन आलास तर ब्रेड भाजायला मी असेन का रे, मेल्या?"

"असशील. तू कुठं जातेस!"

तो हसला, म्हणून तीही हसली. तो रस्त्याच्या वळणावर दिसेनासा झाल्यावर ती घरात आली आणि भांडी घासत बसली. घासलेलीच भांडी पुन्हा घासली.

आधी पत्रं आली. स्कॉटलंडला बटाटे काढतोय, मग बोगद्यात काम मिळालंय. मग नाताळापुरती पत्रं आणि मग तीही नाहीत. हंगाम संपवून परतलेल्या गावकऱ्यांना डेलिया विचारायची. कुणी म्हणे ग्लासगोत दिसला, कुणी म्हणे दिसला पण त्यानं ओळख दिली नाही. एकानं तिच्या डोळ्यांना डोळा न देता सांगितलं, "पितो हो, डेलिया. पण तिकडं सगळेच पितात."

सर्व मृतात्म्यांच्या दिवशी घरातल्या मेलेल्या माणसांसाठी चुलीपुढं खुर्च्या मांडून ठेवायची रीत होती. डेलिया ऑस्टिनसाठी एक मांडायची. एका वर्षी फेलिमनं न बोलता त्या खुर्चीशेजारी दुसरी मांडली. डेलियानं ती उचलली आणि अर्ध्या कवाडावरून बाहेर अंगणात फेकली. खुर्चीचा पाय मोडला. फेलिमनं तो दुसऱ्या दिवशी बसवला आणि पुन्हा कधी दुसरी खुर्ची मांडली नाही.

फेलिमनं लग्न उशिरा केलं. कन्सेप्टा बँगर गावाकडची, दवाखान्यात काम केलेली, चटपटीत, तोंडानं फटकळ. पहिल्याच आठवड्यात तिनं पेंढ्याच्या छपरातले उंदीर मोजायला घेतले आणि सोडून दिले.

"आई, तुमच्या घरात आपल्यापेक्षा त्यांचीच भावकी मोठी आहे."

"ते कुणाला त्रास देत नाहीत."

"रात्री माझ्या अंगावर पडला एक."

"मग त्यालाच त्रास झाला असेल."

दोघींचं असं चालायचं, आणि फेलिम मधे पडायचा नाही. पण कन्सेप्टा कामाला वाघ होती. विहिरीवरून दोन्ही हातांत बादल्या घेऊन चढ चढायची, पोटात पोर असतानाही. डेलिया ते बघायची आणि तिच्या ताटात बटाट्यांवर लोण्याचा मोठा गोळा टाकायची.

मुलगी झाली, कारमेल नाव ठेवलं. पहिल्या हिवाळ्यातच पोर खोकायला लागली. धूर, ओल, आणि छपरातून ठिबकणारं काजळीचं काळं पाणी. डॉक्टर आला, त्यानं भिंतीला हात लावून पाहिला आणि हात पुसला. काउंटीच्या सरकारकडून नवीन घराला अनुदान मिळत होतं. स्लेटचं छप्पर, मोठ्या खिडक्या, नळ. आजूबाजूला तशी घरं उठायला लागली होती. अट एकच होती, जुन्या घरात कुणी राहायचं नाही.

"मी इथून हलणार नाही," डेलिया म्हणाली. "मायल्स आला तर कुठं जाईल?"

"नवं घर ह्याच वाडीत होणार, आई. त्याला डोळे असतील ना?" कन्सेप्टा म्हणाली. मग थोड्या वेळानं, वेगळ्याच आवाजात, "तुम्ही त्याची वाट बघा. मी कधी नको म्हटलंय? पण माझी ही इथं आहे. आत्ता आहे. हिचं मी काय करू?"

त्याच दिवशी तिसऱ्या प्रहरी पोर झोपेत खोकता खोकता निळी पडली. कन्सेप्टानं तिला उलटी धरून पाठ थोपटली, तेव्हा कुठं श्वास परत आला. डेलिया उठून बाहेर गेली. फेलिम गुरांना गवत टाकत होता.

"जा, कागदावर सही करून ये," ती त्याला म्हणाली. "माझं मन बदलायच्या आत जा."

नवं घर जुन्यापासून हाकेच्या अंतरावर झालं. न्यायला काही फार नव्हतं. पवित्र हृदयाची तसबीर, कपाट, ताटं, ऑस्टिनची टोपी. डेलियानं निखारे भांड्यात घेतले आणि नव्या स्वयंपाकघरातल्या शेगडीत घातले. बिडाची, पांढऱ्या मुलाम्याची शेगडी होती, तिला झाकणं होती आणि विस्तव दिसायचा नाही. कन्सेप्टानं काही विचारलं नाही. पण दुसऱ्या सकाळी सवयीनं तिनं राखेचा खण निखाऱ्यांसकट ओढून बाहेर रिकामा केला आणि काडी ओढून शेगडी पुन्हा पेटवली. डेलिया दारात उभी राहून पाहत होती. आपण काय केलं ते कन्सेप्टाला कळलंही नाही, आणि डेलियानं ते कधी कळू दिलं नाही. डेलियाची सासू तर कधीच वारली होती.

जुनं घर वर्षभर रिकामं राहिलं. रिकाम्या घराचं छप्पर लवकर बसतं. मग एकदा फेलिम तिच्यासमोर टोपी हातात घेऊन उभा राहिला.

"आई, गोठ्याची भिंत गेली. गुरांना जागा नाही."

"मग बांध."

"दगड आहेत कुठं? जुन्या घराचेच काढावे लागतील." तो जमिनीकडे बघत होता. "नाहीतर... गुरंच तिथं बांधली तर छपराची डागडुजी तरी करता येईल मला. घर उभं राहील. नाहीतर दोन हिवाळ्यांत जाईल बघ ते."

"कोनाड्यातल्या पलंगाला हात लावू नकोस," डेलिया म्हणाली.

त्यानं पलंग तसाच ठेवला. त्यात गवत साठवलं. चुलीपुढं गव्हाण आली, खिडकी फळ्यांनी बुजवली, पश्चिमेच्या खोलीत वासरं. डेलिया धार काढायला कधी त्या गोठ्यात गेली नाही. कोंबड्यांना दाणे घालतानाही तिकडं पाठ करून उभी राहायची.

मायल्स आला तो बटाटे काढायच्या दिवसांत, दुपारी. डेलिया शेतात वाकून बटाटे वेचत होती. रस्त्यावरून एक माणूस येताना तिनं पाहिला. शहरी कोट, हातात पुठ्ठ्याची पेटी, चालता चालता दम खायला थांबणारा. नव्या घरापाशी तो थांबलाही नाही. तो सरळ जुन्या घराकडे वळला आणि दारातून आत जाताना मान वाकवली. त्या चौकटीला डोकं आपटू नये म्हणून उंच माणसाला कुठं वाकायचं ते घरातल्यालाच ठाऊक होतं.

डेलियाच्या हातातली टोपली पडली.

ती पोचली तेव्हा तो शेणात उभा होता. एक गाय मान वळवून त्याच्याकडे बघत रवंथ करत होती. मायल्सचे केस पांढरे झाले होते, गाल आत गेले होते. तो चुलीच्या जागी असलेल्या गव्हाणीकडे बघत होता.

"मायल्स," ती म्हणाली.

तो वळला. "मला वाटलं, तू गेलीस," तो म्हणाला. "आत आलो, गुरं बघितली, आणि वाटलं, संपलं सगळं. कुणीच उरलं नाही."

"आम्ही शेजारच्या घरात आहोत रे. तिथं, त्या पांढऱ्या."

"ते? ते मला शिक्षकाचं वाटलं." तो हसायला गेला आणि खोकला लागला. तो खोकला डेलियानं ओळखला नाही. कारमेलचा ओला होता, हा कोरडा, दगड घासल्यासारखा. बोगद्यातली धूळ त्याच्या छातीत बसली होती.

कन्सेप्टानं आपली पुढची खोली त्याला दिली. कारमेल आणि तिच्या पाठच्या पोरांना एका पलंगावर कोंबलं. ताटात दोन अंडी घातली. तो तिला "बाईसाहेब" म्हणायचा, ती म्हणायची, "बाईसाहेब गेल्या बाजारात, मी कन्सेप्टा." त्याला हसू यायचं. पण तो त्या घरात पाहुण्यासारखा खुर्चीच्या कडेला बसायचा. सकाळ झाली की जुन्या घराकडे जायचा.

काही दिवसांनी तो फावडं घेऊन आत शिरला. पश्चिमेची खोली मोकळी करायला लागला. वासरं अंगणात आली. फेलिम धावत आला.

"हे काय चाललंय?"

"मी इथं राहीन. तुमच्या घरात गर्दी होते."

"इथं माणूस राहून चालत नाही, मायल्स. सही केलीय मी. काउंटीचा साहेब येतो बघायला."

"येऊ दे. सांग, गुरांत आणखी एक आलंय."

"आणि वासरं कुठं ठेवू? तुझ्या पेटीत?" फेलिमचा आवाज चढला. "इतकी वर्षं कुठं होतास रे? बापाची कबर कुणी राखली? आई पावसात दारात उभी राहिलेली कुणी बघितली? आणि आता घर हवंय तुला!"

मायल्स फावड्यावर रेलून उभा राहिला. त्याला धाप लागली होती. उकरलेली जमीन त्यानं बुटानं चाचपली. लग्नाच्या दिवशी नाचून घट्ट झालेली ती माती गुरांच्या मुतानं कुजून काळा राडा झाली होती. बूट घोट्यापर्यंत आत गेला. त्यानं फावडं भिंतीला टेकवलं, फेलिमच्या खांद्यावर हात ठेवला आणि वासरांना स्वतःच आत हाकललं.

डेलिया दाराबाहेर उभी होती. तो तिच्याजवळ आला आणि म्हणाला, "आई, तिकडं झोपडीत पडलेलो असायचो ना, वीस-वीस माणसं एका खोलीत, तेव्हा मी डोळे मिटून हे घर चुन्यानं धुवायचो. मागच्या दारापासून सुरू करायचो. चुलीपर्यंत येईतो झोप लागायची."

"आपण धुऊ परत," ती म्हणाली. "वसंतात."

"हो," तो म्हणाला.

हिवाळा सुरू होताच त्याला कॅसलबारच्या हॉस्पिटलात हलवावं लागलं. डेलिया बसनं जायची. तो तिचा हात धरून पडलेला असायचा, बोलायचा कमी. नाताळाच्या आधी तो तिथंच गेला. तेव्हा डेलिया बसमध्ये होती.

ती घरी आली, कोट न काढता स्वयंपाकघरात बसली आणि म्हणाली, "त्याला त्याच्या घरात ठेवायचं."

"आई," फेलिम म्हणाला, "तिथं गुरं आहेत."

"मला ठाऊक आहे काय आहे तिथं."

"लोक काय म्हणतील? मुडदा गोठ्यात..."

"फेलिम," कन्सेप्टा मधेच म्हणाली. ती बाह्या वर करत होती. "गुरं बाहेर काढ. थॅडीकडून फावडी आण, आणि चुना."

सबंध दिवस काम चाललं. शेजारचा थॅडी आणि त्याच्या सुना आल्या. शेण उपसलं, राड्यावर वाळू आणि कोरडा पेंढा टाकला, खिडकीच्या फळ्या उखडल्या. कन्सेप्टा गुडघ्यांवर बसून चुलीची कड चुन्यानं रंगवत होती. तिचे केस पांढरे झाले, नाक पांढरं झालं. डेलिया तिच्याकडे बघत राहिली, मग पुढं होऊन तिनं दुसरा कुंचा उचलला. दोघी शेजारी बसून भिंत धुऊ लागल्या. चुना ओल्या भिंतीवर धरत नव्हता, ओघळत होता. त्या पुन्हा लावत होत्या.

गव्हाण हलवली. कन्सेप्टानं पीटवर रॉकेल ओतून काडी ओढली. धुराड्यात कावळ्यांनी घरटं केलं होतं, आधी सगळा धूर खोलीत आला, मग जाळ धरला.

दिवे लागायच्या वेळेला शवपेटी आली. मायल्सला कोनाड्यातल्या पलंगावर ठेवलं. गाव आलं. प्रत्येकजण अर्ध्या कवाडाशी थांबून देवाचं नाव घ्यायचा, मग आत यायचा. चहा झाला, तंबाखू फिरली. चुन्याचा वास होता आणि त्याखाली गाईंचा. थॅडी म्हातारा चुलीशी बसला आणि म्हणाला, "ह्या घरात मी नाचलोय बरं का. डेलियाच्या लग्नात. माझ्या बुटाचा तळवा ह्याच जमिनीत राहिलाय, अजून परत मिळाला नाही." लोक हसले. डेलियाही हसली. मग तिचा चेहरा तसाच राहिला आणि डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि ती ते पुसेना. फेलिम भिंतीकडे तोंड करून उभा होता. त्याचे खांदे हलत होते. कुणी त्याच्याजवळ गेलं नाही, तशी त्या गावात रीत नव्हती. फक्त कन्सेप्टानं त्याच्या हातात चहाचा कप दिला आणि तो धरून उभी राहिली, कारण त्याला तो धरवत नव्हता.

दुसऱ्या दिवशी मायल्सला ऑस्टिनशेजारी पुरलं. दफन आटोपून परतताना पाऊस सुरू झाला, आडवा, बर्फाळ, समुद्रावरून येणारा. गुरं माळावर बांधाला चिकटून उभी होती. एक गाय व्यायला आली होती, ती पाठ कमानीसारखी करून थरथरत होती.

फेलिमनं त्यांच्याकडे पाहिलं, मग आईकडे. "आठवडाभर बाहेर राहतील," तो म्हणाला. "काही होत नाही त्यांना."

"मरतील," डेलिया म्हणाली.

"आई, राहू दे आज."

ती थांबली नाही. काळ्या शालीतच माळावर गेली, व्यायला आलेल्या गाईच्या गळ्याला हात लावला आणि तिला उतारावरून हळूहळू चालवत आणलं. दाराचं खालचं कवाड उघडलं. चुलीत अजून धग होती. भिंतीवर चुन्याचे ओघळ वाळत होते. तिनं गाईला आत घेतलं, दावं खुंटीला बांधलं, पलंगावरचा पेंढा उपसून तिच्या पायांखाली पसरला. फेलिम बाकीची गुरं घेऊन आला तेव्हा ती गाईच्या कपाळाला कपाळ टेकून उभी होती.

त्यानंतर डेलिया रोज धारेला जायला लागली. पुढच्या वादळात पेंढ्याचं छप्पर गेलं, फेलिमनं पत्रे टाकले. ती पत्र्याखालीही धारेला जात राहिली. तिला ऐकू कमी यायला लागलं, मग चालवेना. शेवटचे महिने ती नव्या घराच्या पुढच्या खोलीत, मायल्स झोपला होता त्याच पलंगावर होती. खिडकीतून समोर पत्र्याचा गोठा दिसायचा. एका दुपारी तिनं कन्सेप्टाला खूण केली.

"पडदा लाव गं."

"ऊन येतंय का, आई?"

"नाही."

कन्सेप्टानं पडदा लावला आणि तिचा हात हातात घेऊन बसली. धारेची वेळ टळून गेली, गाई हंबरायला लागल्या, तरी कन्सेप्टा उठली नाही.